चिलमीवरचं उलटं पान

वडिलांचा तंबाखूचा पाईप फुटला त्या हिवाळ्यात आमचा जिल्हा नुकताच हैदराबाद राज्याकडून मुंबई राज्याकडे गेला होता. दवाखान्यातल्या खुर्च्या त्याच होत्या, बाटल्या त्याच होत्या. फक्त औषधांची मागणीपत्रं आता वेगळ्या दिशेने जात आणि तिकडून बराच काळ काही येत नसे. वडील वालूरला जनावरांचे डॉक्टर होते. एका म्हशीला औषध पाजताना तिने मान झटकली, त्यांच्या खिशातला पाईप दगडी पायरीवर आपटला आणि त्याच्या वाटीला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

पाईप ओढणारा माणूस त्या भागात दुसरा कोणी नसावा. नवा मागवायचा म्हणजे हैदराबादला कोणाला तरी लिहायचं आणि वाट पाहायची. वडिलांनी दोन-चार दिवस विड्या ओढून पाहिल्या, खोकले, आणि मग गावातल्या सुताराला बोलावून घेतलं.

हा सुतार बैलगाड्या आणि वखर-तिफणी करायचाच, पण त्याचं नाव होतं ते चिलमींसाठी. गावातली माणसं कुंभाराकडची मातीची चिलीम ओढत. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांना मात्र माती पुरत नसे. ते त्याच्याकडून लाकडाची, आतून मातीचा लेप दिलेली चिलीम करून घेत आणि तिच्यावर नक्षी हवीच असे. फुटका पाईप त्याने हातात फिरवला, वास घेतला, आणि म्हणाला, "ही सायबाची चिलीम व्हय? मान मोडलेल्या बगळ्यावानी दिसायलीय."

वडील हसले. मी आत, दाराच्या फळीमागे होते.

मी तेव्हा हैदराबादच्या मिशनच्या शाळेतून शिक्षण संपवून नुकतीच परत आले होते. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरी मी आणि वडील दोघंच. शाळेत सगळं इंग्रजीत, बाहेर उर्दूत, आणि मराठी फक्त सुट्टीतल्या जेवणापुरती. त्यामुळे वालूरच्या लोकांचं बोलणं मला कळे, पण उत्तर द्यायचं तर तोंडात शब्द जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. मग मी बोलणंच सोडलं. औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायच्या आणि खिडकीतून बाहेर बघायचं, एवढं माझं काम होतं.

सुताराला नमुना डोळ्यांसमोर हवा होता, म्हणून तो आमच्या ओसरीवर येऊन काम करू लागला. बोरीच्या मुळाचा गाठाळ ठोकळा त्याने आणला होता. दांडीसाठी वडिलांनी म्हशीचं शिंग दिलं. मी खिडकीतून त्याचे हात पाहत असे. काम करता करता तो मधेच थांबायचा आणि कुठेतरी एकटक बघत बसायचा. एकदा दवाखान्यात बांधलेल्या एडक्याच्या शिंगाकडे इतका वेळ बघितलं की एडका बिचकला. एकदा उठून अंगणात गेला आणि कवठ उचलून आणलं, पाईपची वाटी केवढी गोल ठेवायची ते त्याने त्यावरून ठरवलं. आमच्या कामवाल्या बाईच्या हातावरचं गोंदण बघायचा. ती म्हणायची, "डोळं फुटले का रे मेल्या?" आणि तो म्हणायचा, "तुझ्याकडं कोन बगतंय, मी ठिपके मोजायलोय."

त्याची गिऱ्हाईकंही तिथेच येत. त्याने सारख्याच नक्षीच्या दोन चिलमी करून ठेवल्या होत्या, तीन रेघांचा पंजा आणि मधे एक ठिपका. सेलूचा एक व्यापारी आला. त्याला त्याने सांगितलं, ही नक्षी देवळाच्या खांबावरची आहे, मुद्दाम जाऊन उतरून आणली. संध्याकाळी एक पाटील आला. त्याला सांगितलं, हैदराबादच्या एका नवाबाच्या हुक्क्यावर ही होती, तिथे काम केलेल्या माणसाने काढून दाखवली. दोघंही खूश होऊन गेले.

मला राहवलं नाही. मी खिडकीतूनच विचारलं, "खरं कोणतं?"

तो दचकला. इतक्या दिवसांत माझा आवाज त्याने ऐकलाच नव्हता. मग हसला. "छोट्या बाईसायब, बोलता व्हय तुमी! खरं सांगू? नाल्याच्या चिखलात टिटवी चालून गेल्ती. तिच्या पायाची हाय ती नक्षी."

"मग तसं का नाही सांगत?"

"टिटवीचा पाय म्हनलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय. नवाबाचा हुक्का म्हनलं की छाती फुगवून घेऊन जातंय."

"म्हणजे खोटं बोलता."

"खोटं कामून? नक्षी तर खरी हाय की."

पाईप पूर्ण झाला तेव्हा सुंदर झाला होता. वाटीच्या गळ्याभोवती वेल, वेलीला पानं, सगळी वर तोंड करून. फक्त एक पान खाली तोंड करून. वडिलांनी तंबाखू भरली, दोन झुरके घेतले आणि मान हलवली. सुताराला तेवढ्यावर समाधान झालं नसावं. तो म्हणाला, "ही वेल कुटून आनली इचारा की, डाक्टरसायब."

"कुठून?"

"सोनपेठच्या बाजारातून. एक धनगर उभ्या उभ्या चिलीम ओढायला होता. म्हनलं, दाव की गड्या जरा. दावली त्यानं. तिथंच नजरेत भरून घेतली. आत्ता दसऱ्याच्या मागंपुढंची गोष्ट."

वडील 'अच्छा' म्हणाले. मी खिडकीत होते. मला वाटलं, ही टिटवीसारखीच एक.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती आली. पंचविशीपुढची, उंच धनगरीण, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि खांद्यावर पोट फुगलेली मेंढी. ओला हरभरा खाल्ला होता मेंढीने. वडिलांनी पाईप टेबलावर ठेवला आणि मेंढीच्या पोटाला हात लावला. बाईने मेंढीचे पुढचे पाय धरले होते. तिची नजर टेबलावर गेली आणि तिने एकदम पाय सोडून दिले. मेंढी उसळली, वडिलांच्या हातातलं औषध सांडलं.

"धर, धर! काय झालं?"

"ही कुनाची?"

"मेंढी?"

"चिलीम. ही चिलीम कुनाची?"

"माझी आहे. का?"

ती पुढे आली, पण हात लावला नाही. वाकून बघितलं. मग बोट हवेतच फिरवत म्हणाली, "हे पान उलटं हाय. बगा. त्यायच्या चिलमीचंबी उलटं व्हतं. कोरताना सुरी घसरली. मी म्हनलं नीट करा. म्हनले, ऱ्हाऊ दे, आपली वळख हाय ती."

वडिलांना काही समजलं नाही. मलाही नाही. मेंढीचं पोट उतरलं, बाई तिला घेऊन गेली, आणि जाताना तीन वेळा मागे वळून पाहिलं.

सगळं कळलं ते दुसऱ्या दिवशी, तिचा दीर आला तेव्हा. थकलेला, चाळिशीतला माणूस. पायरीवरच बसला, वर येईना. त्याने सांगितलं ते असं. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली, आठ वर्षांमागे, त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे या बाईचा नवरा, मेंढरं घेऊन गोदावरीच्या पलीकडे गेला होता. त्या गडबडीत मेंढरं थोडीफार परत आली, माणूस आला नाही. कोणी म्हणे नदीत गेला, कोणी म्हणे मारला, कोणी म्हणे दूर कुठेतरी राहिला. प्रेत कोणी पाहिलं नाही. म्हणून तिचं कुंकू तसंच राहिलं. स्वतःचा आणि भावाचा, असे दोन्ही कळप तेव्हापासून या थोरल्यानेच राखले. गेल्या वर्षी त्याची बायको बाळंतपणात गेली. आता पंचांनी ठरवलं होतं की धाकट्याला मेला असं धरायचं, तिचं कुंकू उतरवायचं आणि या महिन्यात तिचा थोरल्या दिराशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावायचा. त्यांच्यात तशी रीत होती. कळपही एकत्र राहिला असता. आणि नाही म्हटलं, तर तिला माहेरी परत जावं लागलं असतं, मेंढरं इथेच सोडून.

"भावजय व्हय म्हनली व्हती," तो म्हणाला. "रडत म्हनली, पन म्हनली. आन आता तुमची ती चिलीम बगून आल्यापासून पेटीतली धाकल्याची घोंगडी काडून उनात घातलीय. सांगा तुमीच, मी काय करू?"

वडिलांनी सुताराला बोलावलं.

सुतार आला तो नेहमीच्याच तोऱ्यात. बाईही आली होती. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली आणि त्याला एकेक विचारू लागली.

"सोनपेठलाच बगितला?"

"सोनपेठलाच."

"उंच व्हता?"

"व्हय, उंचच."

"डाव्या हातानं चिलीम धरली व्हती?"

"आता... व्हय. डावाच हात."

"कपाळाला, हितं, वन व्हता? लहानपनी दगड लागल्याला?"

"पटक्याखाली व्हता खरा कायतरी डाग."

तिच्या चेहऱ्यावर काय उमटत होतं ते त्याला दिसत होतं, त्यातून पुढे काय होणार ते नाही. तो गिऱ्हाइकाला हो हो म्हणत होता. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं, समोरच्याला जे हवं ते दिलं होतं, आणि आजवर त्यातून एका चिलमीपलीकडे कोणाचं काही बिघडलं नव्हतं. दीर खाली मान घालून ऐकत होता. एकदाच त्याने डोकं वर केलं आणि विचारलं, "मेंढरं व्हती संगं?"

सुतार थांबला. मला वाटतं तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की हे काय चाललंय. "ते नजरंत न्हाई भरलं," तो म्हणाला.

ती दुसऱ्याच दिवशी माहेरच्या भावाला घेऊन सोनपेठला गेली. देवगाव फाट्यापर्यंत पायी, तिथून एसटी मिळेल तशी. बाजार संपेपर्यंत दोघं मेंढरांच्या दावणीजवळ उभी राहिली. पुढच्या बाजारी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या बाजारीही. परत आली की ती आमच्या दवाखान्यावरून जायची, काही विचारायची नाही, फक्त पाय दुखल्यासारखी पायरीवर बसायची. मी पाणी न्यायचे. ती तांब्या उंच धरून पाणी प्यायची आणि म्हणायची, "तिकडं नाही आले ते. दुसऱ्या बाजाराला जात आसतील." एकदा म्हणाली, "तू बोलत कामून न्हाईस गं, ताई? तुला कोन भ्या दावलं?" मी रिकामा तांब्या उचलला. ती म्हणाली, "नको बोलू. बोलनाऱ्यांनीच वाटूळं केलंय."

वडिलांनी पाईप ओढणं बंद केलं. कपाटात ठेवला. एके दिवशी कीड लागू नये म्हणून मी तो काढून गोडेतेलाने पुसत होते. तेल लागलं की बोरीचं लाकूड गडद होतं आणि त्याच्या रेषा उठून दिसतात. उलट्या पानाच्या खाली मला एक काळपट गोल दिसला. लाकडाची गाठ. रेषा तिथे येऊन वळत होत्या, नदी दगडाला वळसा घालते तशा. पान वर तोंड करून कोरलं असतं तर त्याचं टोक नेमकं गाठीत गेलं असतं, आणि तिथे लाकूड फुटलं असतं. उलटं केल्यामुळे देठ गाठीवर आला होता आणि पान मोकळ्या लाकडात.

मी पाईप रुमालात गुंडाळला. मग आयुष्यात पहिल्यांदा एकटी त्या गावात चालत निघाले आणि सुताराच्या घरी गेले.

तो घरासमोरच्या बारवेच्या पायऱ्यांवर बसला होता. काम करत नव्हता. मी गाठ दाखवली. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला.

"गाठीमुळे उलटं केलं ना?" मी विचारलं. माझी मराठी अडखळली, पण त्याने माझं हसं केलं नाही.

"आसंल."

"म्हणजे तो धनगर... कोणी नव्हता?"

"बाईसायब, तसं न्हाई." त्याने पटका काढून मांडीवर ठेवला. "सोनपेठला मी गेल्तो. धनगर व्हते, चिलमी व्हत्या. मी सगळ्यायच्या चिलमी बगतो, ती माजी खोडच हाय. आता पान गाठीमुळं उलटं झालं, का कुनाच्या चिलमीवर उलटं बगितल्यालं हाताला आटवलं आन गाठ नंतर घावली... तुमी इचारायच्या आदी मला ठाव व्हतं. आता ठाव न्हाई."

"पण तो वण? डावा हात?"

"ते मी म्हनलो कारन ती इचारायली व्हती." त्याने पाण्याकडे बघितलं. "तिचं तोंड बगितलं न्हाई का तुमी? त्या तोंडाला न्हाई म्हनून बगा एकदा."

मी म्हटलं, हे तिला सांगायला हवं. तो म्हणाला, "मी सांगितलं तर तिला वाटंल दिरानं मला भरवलं. गाठ हाय ती तुमी दावा. तुमाला खोटं बोलायची सवय न्हाई."

ती नेहमीसारखी पायरीवर येऊन बसली तेव्हा मी पाईप तिच्या हातात दिला. तिने तो तोवर एकदाही हातात घेतला नव्हता. मी तिचं बोट धरून गाठीवर नेलं. तेलाने गडद झालेलं लाकूड दाखवलं, रेषा कशा वळतात ते दाखवलं. मला 'लाकडाचे तंतू' म्हणायचं होतं. शब्द सापडला नाही, म्हणून मी बोटाने हवेत रेषा काढल्या. पान इथे उलटंच करावं लागलं असतं, कोणीही केलं असतं, एवढं मात्र नीट सांगितलं. सुतार वणाबद्दल आणि डाव्या हाताबद्दल उगाच बोलला होता, तेही सांगितलं.

ती ऐकत होती. गाठीवरून अंगठा फिरवत होती. शेवटी म्हणाली, "लई बारीक बगतीस तू."

"तुम्हाला राग आला?"

"न्हाई. दावलंस ते बरं झालं." पाईप तिने मला परत दिला. "आता मला ठाव हाय, ह्यात खरं किती हाय ते." तेव्हा मला वाटलं, संपलं. ती आता दिराला होकार कळवेल.

पाटाचं काय करायचं ते ठरवायला पंच बसले ते गावाबाहेरच्या खंडोबाच्या ओट्यासमोर. वडील लसटोचणीसाठी दुसऱ्या गावी गेलेले, पंचांनी पाईप मागवलेला. तो घेऊन जायला माझ्याशिवाय घरात कोणी नव्हतं. मी पाईप म्हाताऱ्या पंचाच्या पुढ्यात ठेवला आणि बायका बसल्या होत्या तिकडे मागे जाऊन बसले. ओट्यावर पितळी ताटात भंडार होता, हळदीचा पिवळाधमक ढीग, आणि त्यावर बेलाची पानं. धनगर माणूस भंडार उचलून जे बोलतो ते शेवटचं. त्यानंतर कोणी उलट विचारत नाही, आणि खोटं उचललं तर देव त्याच्या घरादाराचं बघून घेतो. हे मला शेजारच्या बाईने कुजबुजत सांगितलं.

म्हाताऱ्या पंचाने सुताराला पुढे बोलावलं.

"भंडार उचल आन बोल. ही नक्षी तू कुटं बगितली?"

"बोलतो की. भंडार कशाला?"

"तुजं तोंड आमाला ठाव हाय, म्हनून." लोक हसले. सुतारही हसला.

"आरं, सोनपेठला बगितली म्हनून सगळीकडं सांगत फिरला न्हाईस का? उचल मंग."

त्याने हात पुढे केला. बोटं हळदीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. हात मागे आला. "बगितली म्हनलो तर खोटं आसंल," तो म्हणाला. "न बगता केली म्हनलो तरी खोटं आसंल. मला ठाव न्हाई हेच खरं हाय."

"सोताच्या हातानं केलीस आन ठाव न्हाई?"

"हातानं केली. हाताला इचारा."

या वेळी कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ह्येला ठाव हाय. भेटला आसंल त्याला. सांगू नको म्हनला आसंल तो." आणि मग ते सगळीकडे पसरलं. भंडार उचलत नाही म्हणजे लपवतोय, लपवतोय म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे. मी तिथे बसून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर एक मेलेला माणूस पायावर उभा राहत होता. इतका प्रामाणिक सुतार त्या दिवसापूर्वी कधीच नव्हता, आणि त्या दिवशीच कोणाचा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

दीर उठला. तो सुताराजवळ गेला आणि अगदी हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू आलं. "सांग की बाबा. तो जिता आसला तर मला काय वाईट वाटंल का? मला पाट नगं. भाऊच हाय तो माजा."

सुताराने हात जोडले.

म्हाताऱ्या पंचाने दाढी खाजवली. मग म्हणाला, "ह्या म्हैन्यात पाट ऱ्हाऊ द्या. फुडच्या बैठकीला बगू."

"फुडं कशाला?"

ती होती. बायकांमधून उठून पुढे गेली होती. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. "किती बैठका करनार? दर बैठकीला माजं कुक्कू ठिवायचं का पुसायचं ते ठरिवनार का तुमी? त्या सुताराला सोडा. त्याला न्हाई उचलता येत. मी उचलते."

"बाईनं..." असं कोणीतरी सुरू केलं. तेवढ्यात तिने दोन्ही मुठी हळदीत घातल्या होत्या.

"माजा धनी जिता हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "देवाच्या भंडाराची आन. मला ठाव हाय, तो जिता हाय."

भंडार मुठीतून सांडत होता, तिच्या मनगटावर, लुगड्यावर. माझ्या शेजारच्या बाईने तोंडावर हात ठेवला. मी त्या गर्दीत एकटीच होते जिला माहीत होतं की तिने गाठ पाहिली आहे, अंगठ्याने चाचपली आहे, डाव्या हाताचं आणि वणाचं खोटं ऐकलं आहे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही.

मी पुष्कळ विचार केला आहे. तिला खरंच तसं वाटत होतं का? की दिराच्या घरात राहूनही स्वतःचं राहायचं, मेंढरांसकट राहायचं, तर एवढी एकच वाट होती, आणि ती तिने डोळे उघडे ठेवून धरली? की दोन्ही? शपथ खोटी असेल तर ती कोणाच्या माथी येणार, आणि रात्री ती कशी झोपत असेल, याची मला काळजी वाटे. देवावर तिचा माझ्यापेक्षा किती तरी अधिक विश्वास होता.

पंच उठले. पाटाचा विषय संपला. थोरल्याने पुढे दुसऱ्या गावची बायको केली. त्या दोघी एका अंगणात नांदल्या, आणि धाकट्याचा कळप धाकट्याच्याच नावाने, वेगळ्या कुडाच्या कुंपणात राहिला. सुताराने चिलमी सोडल्या नाहीत, पण नक्षीची गोष्ट सांगणं सोडलं. गिऱ्हाइकाने विचारलं तर म्हणायचा, "घ्यायची तर घ्या." त्याचा धंदा बराच बसला.

वडिलांची बदली व्हायच्या आधी मेंढरांना देवीच्या रोगाची लस टोचायची होती. मी नोंदवहीत लिहायला बसले होते. आता थोडी बोलू लागले होते. एकेक जण कळप घेऊन येई, मालकाचं नाव सांगे, मी लिही. तिचा कळप आला तेव्हा दीर कुडाबाहेर उभा होता. ती कोकरू पोटाशी धरून पुढे आली. कोकराच्या कानाला ताजी खाच होती, तिच्या नवऱ्याच्या कळपाची. त्या हंगामाच्या सगळ्या कोकरांच्या कानांना तिने तीच खाच पाडली होती.

वडिलांनी सुई भरत, मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारला, "मालक कोण?"

दीर दुसरीकडे बघू लागला. बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि दुसरं कोणी ते घ्यायला तयार नव्हतं. मी लेखणी धरून बसले होते.

"हायत," ती म्हणाली. "यायलेत."

आणि कोकराचा कान बाजूला करून तिने त्याची मान सुईपुढे धरली.